तिसऱ्या मितीचा अबोल शोधक

बारावीला विज्ञान शाखा घेतलेल्या प्रत्येकाला ‘व्हीटस्टनचा सेतू’ ठाऊक असतो. चार रोध चौकोनात जोडायचे, मध्ये गॅल्व्हानोमीटर लावायचा आणि त्याचा काटा शून्यावर स्थिरावला, की अज्ञात रोधाचे मूल्य काढायचे. प्रयोगवहीत हा प्रयोग उतरवणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते, की या सेतूची मूळ कल्पना सर चार्ल्स व्हीटस्टन यांची नव्हतीच. सॅम्युएल हंटर ख्रिस्टी यांनी ती १८३३ साली मांडली. व्हीटस्टन यांनी दहा वर्षांनंतर तिची उपयुक्तता जगापुढे आणली आणि तसे करताना ख्रिस्टी यांचे श्रेयही नोंदवले. तरीही सेतूला नाव चिकटले ते व्हीटस्टन यांचेच. याउलट जो शोध सर्वस्वी त्यांचा होता, ज्याच्या पायावर त्रिमितीय चित्रपटाच्या चष्म्यापासून आभासी वास्तवाच्या हेडसेटपर्यंत सारे काही उभे आहे, त्या शोधाशी त्यांचे नाव सामान्य वाचकाच्या मनात कधीच जोडले गेले नाही. दैवाचा हा उलटा न्याय समजून घ्यायचा, तर या विलक्षण बुजऱ्या माणसाच्या आयुष्याकडे पाहावे लागते.

चार्ल्स व्हीटस्टन यांचा जन्म ६ फेब्रुवारी १८०२ रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टर शहराजवळच्या बार्नवुड या गावी झाला. घरचा व्यवसाय संगीताचा. चार्ल्स लहान असतानाच कुटुंब लंडनला आले आणि वडील तेथे बासरीवादन शिकवू लागले. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास चार्ल्सची रवानगी काकांच्या दुकानात झाली. स्ट्रँड या गजबजलेल्या रस्त्यावर काका वाद्ये बनवीत आणि विकत. गिऱ्हाइकांशी गोड बोलून माल खपवणे हे काही या मुलाच्या स्वभावात नव्हते. त्याला ओढ होती पुस्तकांची, आणि वाद्यातून स्वर निघतो तो नेमका कसा, हे शोधण्याची.

या कुतूहलातूनच १८२१ साली त्यांनी लंडनकरांना एक ‘मंत्रमुग्ध वीणा’ दाखवली. छतापासून एका बारीक धातूच्या तारेने टांगलेले लायर नावाचे तंतुवाद्य कोणीही स्पर्श न करता वाजू लागे. प्रेक्षक थक्क होत. प्रत्यक्षात वरच्या मजल्यावर कोणीतरी पियानो वाजवीत असे आणि त्याची कंपने तारेतून खाली उतरत. व्हीटस्टन अवघे एकोणीस वर्षांचे होते. पण आपली इंद्रिये जे सांगतात आणि बाहेर जे प्रत्यक्ष घडत असते, त्यांत अंतर असू शकते, हे त्यांना तेव्हाच उमगले होते. पुढे डोळ्यांच्या बाबतीत त्यांनी जे केले, त्याचे बीज या खेळात दिसते.

१८२३ साली काकांचे निधन झाल्यावर चार्ल्स आणि त्यांच्या भावाने दुकानाचा कारभार हाती घेतला. हातात धरून वाजवायचे कॉन्सर्टिना हे भात्याचे वाद्य ही याच काळातील त्यांची देणगी. औपचारिक उच्च शिक्षण नसलेल्या या वाद्यविक्रेत्याचे ध्वनिविषयक प्रयोग इतके नेटके होते, की १८३४ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजने त्यांना प्रायोगिक भौतिकीचे प्राध्यापकपद दिले. प्राध्यापकाने व्याख्याने द्यावीत ही अपेक्षा स्वाभाविकच होती. पण श्रोत्यांसमोर उभे राहिले, की व्हीटस्टन यांची वाचा बसे. मित्रांमध्ये भरभरून बोलणारा हा माणूस सभागृहात अवघडून जाई. त्यांचे संशोधन रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्यासपीठावरून अनेकदा मांडले, ते त्यांचे मित्र मायकेल फॅरेडे यांनी. हा संकोच ही केवळ स्वभावाची गंमत नव्हती. श्रेयाच्या बाजारात ज्याला स्वतःचे म्हणणे मोठ्याने मांडता येत नाही, त्याला काय किंमत मोजावी लागते, हे पुढे दिसणार होते.

व्हीटस्टन यांना पडलेला प्रश्न वरकरणी पोरकट वाटावा असा होता. माणसाला डोळे दोन आहेत, मग जग एकच का दिसते? आणि दोन डोळ्यांचा एकापेक्षा अधिक असा उपयोग तरी काय? वाचकांनी स्वतःचा अंगठा चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटून पाहावा. मागच्या भिंतीच्या संदर्भात अंगठा जागा बदलताना दिसतो. दोन बाहुल्यांमध्ये साधारणपणे साठ ते पासष्ट मिलिमीटर अंतर असते आणि त्यामुळे प्रत्येक डोळा जवळच्या वस्तूचे थोडे निराळे चित्र पाहतो. ही गोष्ट प्राचीन ग्रीकांना ठाऊक होती. लिओनार्दो दा व्हिंची यानेही चित्रात खरी खोली का उतरत नाही, याचा विचार करताना तिचा उल्लेख केला होता. मात्र त्याने उदाहरण घेतले ते गोलाचे. गोल दोन्ही डोळ्यांना जवळपास सारखाच दिसतो. त्याने एखादा ठोकळा घेतला असता, तर दोन चित्रांतला फरक त्याच्या नजरेतून सुटला नसता, असे व्हीटस्टन यांनी पुढे मोठ्या मार्मिकपणे नोंदवले.

तोवरच्या विद्वानांना हा फरक म्हणजे डोळ्यांची एक अडचण वाटत होती. दोन्ही दृष्टिपटलांच्या नेमक्या जुळणाऱ्या बिंदूंवर प्रतिमा पडली तरच वस्तू एक दिसते, एरवी ती दुहेरी दिसावी, असा सिद्धान्त रूढ होता. व्हीटस्टन यांनी विचाराची दिशाच उलटी केली. हा फरक अडचण नसून तोच खोलीच्या जाणिवेचा उगम असेल तर? तसे असेल, तर घन वस्तूची गरजच उरत नाही. डाव्या डोळ्याला दिसणारे चित्र कागदावर काढून फक्त डाव्या डोळ्याला दाखवावे, उजव्याचे फक्त उजव्याला. मेंदूने तिथे घन वस्तू उभी केलीच पाहिजे.

हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी बनवलेले उपकरण अगदी साधे होते. सुमारे दहा सेंटिमीटरचे दोन चौरस आरसे पाठीला पाठ लावून काटकोनात उभे केलेले. पाहणाऱ्याने त्यांच्या जोडलेल्या कडेशी नाक आणायचे, म्हणजे डाव्या डोळ्याला डाव्या बाजूच्या फळीवरचे चित्र दिसे आणि उजव्याला उजव्या बाजूचे. उपकरणाचे नाव त्यांनी ग्रीक शब्दांवरून ‘स्टिरिओस्कोप’ असे ठेवले, घनरूप दाखवणारे यंत्र या अर्थाने. चित्रे मुद्दामच नुसत्या रेषांची होती. छायाप्रकाशामुळे किंवा रंगामुळे उठाव भासतो, असा आक्षेप कोणी घेऊ नये, हा त्यामागचा हेतू. आरशांत पाहताच कागदावरच्या सपाट रेषा हवेत उभ्या राहत. चित्रांची डावी-उजवी अदलाबदल केली, की पुढे आलेला भाग मागे जाई. २१ जून १८३८ रोजी रॉयल सोसायटीपुढे हा निबंध सादर झाला आणि त्यासाठी १८४० साली त्यांना रॉयल पदक मिळाले. आपण खोली डोळ्यांनी पाहत नाही, तर दोन सपाट प्रतिमांतील तफावतीवरून ती मनात रचतो, हे त्यांनी आरशाच्या दोन तुकड्यांनी दाखवून दिले होते.

निबंध सादर झाला तेव्हा छायाचित्रणकला अद्याप जाहीर व्हायची होती. १८३९ साली दागेर आणि टॅलबट यांच्या पद्धती जगापुढे आल्या आणि हाताने काढलेल्या ठोकळ्यांच्या जागी खरी माणसे, खऱ्या इमारती आणण्याचा मार्ग मोकळा झाला. व्हीटस्टन यांनी तातडीने छायाचित्रकारांना जोडचित्रे घेण्याची विनंती केली. १८४१ साली हेन्री कॉलन यांनी त्यांच्यासाठी गणकयंत्राचे जनक चार्ल्स बॅबेज यांचे असे जोडछायाचित्र घेतले. परंतु व्हीटस्टन यांचा बराचसा वेळ तोवर विद्युत तारायंत्राने व्यापला होता. विल्यम कूक या उद्यमशील भागीदारासह त्यांनी १८३७ साली त्याचे पेटंट घेतले होते आणि तारायंत्राचे श्रेय कोणाचे, यावरून दोघांत बेबनाव झाला होता. अखेर १८४१ मध्ये लवादाने दोघांनाही श्रेय विभागून दिले. या गडबडीत स्टिरिओस्कोप मागे पडला. आरशांचे ते अवजड उपकरण प्रयोगशाळेत ठीक होते. घराघरांत ते पोहोचणे शक्य नव्हते.

ते पोहोचवले स्कॉटलंडच्या सर डेव्हिड ब्रूस्टर यांनी. प्रकाशशास्त्रातील मोठे नाव, कॅलिडोस्कोपचे जनक आणि वादविवादात कधीही माघार न घेणारे गृहस्थ. १८३८ साली न्यूकॅसल येथील सभेत व्हीटस्टन यांनी आपले उपकरण दाखवले, तेव्हा ब्रूस्टर यांनी त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली होती. १८४९ साली त्यांनी आरशांच्या जागी भिंगे बसवली. एक भिंग मधोमध कापून त्याचे दोन अर्धे तुकडे दोन डोळ्यांसमोर लावले. बहिर्गोल भिंगामुळे जवळचे छोटे चित्र मोठे आणि दूर भासते आणि अर्धभिंगाच्या उतरत्या जाडीमुळे किरण वळून दोन्ही चित्रे एकमेकांवर येतात. साऱ्याची मिळून हातात मावणारी एक पेटी झाली. पॅरिसच्या ज्यूल द्युबॉस्क यांनी ती बनवली, १८५१ च्या लंडनमधील भव्य प्रदर्शनात मांडली आणि व्हिक्टोरिया राणीला ती भावली. मग काय विचारता! १८५४ साली लंडनमध्ये खास या धंद्यासाठी कंपनी निघाली, लाखो जोडचित्रे खपली आणि मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यांतून लोक इजिप्तचे पिरॅमिड न्याहाळू लागले. लोकांच्या लेखी स्टिरिओस्कोप म्हणजे ब्रूस्टर यांची पेटी.

एवढ्यावर भागते, तर व्हीटस्टन यांना फारसे दुःख झाले नसते. ब्रूस्टर यांनी मात्र मूळ शोधालाच हात घातला. या उपकरणाची कल्पना १८३४ साली एडिंबरातील जेम्स एलियट या गणितशिक्षकाला सुचली होती, असे त्यांनी लिहिले. १८५६ साली लंडनच्या ‘टाइम्स’ दैनिकातून हा वाद जाहीरपणे रंगला. समोरासमोर बोलताना अडखळणाऱ्या व्हीटस्टन यांची लेखणी या वेळी अडखळली नाही. हर्बर्ट मेयो या शरीरशास्त्रज्ञाच्या १८३३ साली छापल्या गेलेल्या ग्रंथातच व्हीटस्टन यांच्या या निरीक्षणाचा उल्लेख होता. छापील पुराव्यापुढे एलियट यांचा दावा टिकणे अवघड होते.

या भांडणात अहंकार होता, तसाच एक खरा शास्त्रीय प्रश्नही होता. ब्रूस्टर यांचे म्हणणे असे, की डोळे वस्तूच्या एकेका बिंदूवर भराभर फिरतात आणि त्या हालचालीतून अंतराची जाणीव होते. व्हीटस्टन यांच्या मते डोळे न फिरवताही केवळ प्रतिमांच्या तफावतीतून ती होते. १८४१ साली जर्मनीच्या हाइनरिख डोव यांनी विजेच्या ठिणगीच्या प्रकाशात जोडचित्रे दाखवून पाहिली. ठिणगी इतकी क्षणिक, की तेवढ्यात डोळा हलणे अशक्य. तरीही खोली दिसली. कौल व्हीटस्टन यांच्या बाजूने पडला होता.

स्वतः व्हीटस्टन यांनी १८५२ साली या विषयावरचा दुसरा निबंध सादर केला. त्यात ‘स्यूडोस्कोप’ या नव्या उपकरणाचे वर्णन होते. लोलकांच्या साहाय्याने ते डाव्या-उजव्या डोळ्यांची दृश्ये अशी उलटवी, की चहाच्या कपाची पोकळी फुगीर दिसे आणि पृथ्वीचा गोल आतून पोकळ भासे. त्याहून महत्त्वाचा होता दुसरा प्रयोग. जवळची वस्तू पाहताना आपले डोळे आत वळतात आणि त्याच वेळी नेत्रभिंग त्या अंतराशी जुळवून घेते. या दोन क्रिया निसर्गात नेहमी हातात हात घालून चालतात. व्हीटस्टन यांनी सरकत्या आरशांच्या साहाय्याने त्यांची फारकत केली. चित्र होते तेवढ्याच अंतरावर ठेवून डोळ्यांना अधिक आत वळायला लावले, तेव्हा डोळ्यातील प्रतिमा तेवढीच असूनही वस्तू आकसल्यासारखी दिसली.

पुढे बाजारात आलेल्या नाना तऱ्हांच्या चष्म्यांकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यांच्यातील नाते लख्ख दिसते. काम एकच, दोन डोळ्यांना दोन निराळी चित्रे पोहोचवायची आणि एकाचे दुसऱ्याला दिसू द्यायचे नाही. भेद आहे तो वाटणीच्या पद्धतीचा.

पहिली पद्धत रंगाची. विल्हेल्म रोलमान यांनी १८५३ साली, म्हणजे व्हीटस्टन यांच्या हयातीतच, ती मांडली. एक चित्र लाल आणि दुसरे निळसर छापायचे. चष्म्याच्या रंगीत काचा ज्याचे त्याला पोहोचवतात. पुठ्ठ्याचा हा चष्मा अत्यंत स्वस्त, पण चित्राचे नैसर्गिक रंग त्यात हरवतात.

दुसरी पद्धत ध्रुवित प्रकाशाची. प्रकाशलहरींच्या कंपनांना एक ठरावीक दिशा देता येते. पडद्यावर दोन चित्रे दोन भिन्न दिशांच्या प्रकाशात टाकायची आणि चष्म्याच्या काचांनी आपापल्या दिशेचा प्रकाश तेवढा आत घ्यायचा. एडविन लँड यांनी ध्रुवक पटल स्वस्तात बनवण्याची युक्ती शोधल्यावर ही पद्धत चित्रपटगृहांत आली. रंग शाबूत राहतात. मात्र साध्या पांढऱ्या पडद्यावर कंपनांची दिशा विस्कटते, म्हणून चंदेरी पडदा लागतो. १९८४ साली आलेला ‘माय डिअर कुट्टिचातन’ हा मल्याळम चित्रपट, जो पुढे ‘छोटा चेतन’ या नावाने हिंदीत गाजला, आपल्याकडच्या प्रेक्षकांनी अशाच चष्म्यांतून पाहिला. जुन्या पद्धतीत प्रेक्षकाने मान तिरकी केली, की चित्रे एकमेकांत मिसळत. वर्तुळाकार ध्रुवीकरणाने तो दोष बराच कमी झाला आहे.

तिसरी पद्धत वेळेच्या वाटणीची. पडद्यावर डाव्या आणि उजव्या डोळ्यांची चित्रे आळीपाळीने झळकतात आणि चष्म्याच्या द्रवस्फटिकी काचा त्याच लयीत उघडझाप करतात. सेकंदाला १२० चित्रे दाखवली, तर प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला ६० येतात. यात चष्म्याला विद्युतघट लागतो आणि पडद्याशी त्याचा मेळ क्षणभरही चुकून चालत नाही. २०१० नंतर घरगुती त्रिमितीय दूरचित्रवाणी संचांसोबत असे चष्मे आले. पण घरात चष्मा लावून बसणे लोकांना फारसे रुचले नाही आणि २०१७ पर्यंत मोठ्या उत्पादकांनी हे संच बनवणे थांबवले.

चौथी पद्धत म्हणजे आभासी वास्तवाचा हेडसेट. यात वाटणी करावीच लागत नाही. प्रत्येक डोळ्यासमोर स्वतंत्र पडदा किंवा एकाच पडद्याचा अर्धा भाग असतो आणि मध्ये एक भिंग. अर्थात ही ब्रूस्टर यांची पेटीच आहे. २०१४ साली गूगलने आणलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तर मोबाइल फोन सरकवला, की पेटी तयार होत असे. नवी भर दोन गोष्टींची. भिंगामुळे चित्राच्या कडा वाकतात, म्हणून संगणक चित्र आधीच उलट दिशेने वाकवून ठेवतो. दुसरी भर त्याहून मोठी. १९६८ साली अमेरिकेत इव्हान सदरलँड यांनी छताला टांगलेल्या यांत्रिक दांड्याला जोडून असे उपकरण बनवले, की डोके वळवले की दृश्यही वळे. तेव्हापासून पाहणारा चित्रासमोर न राहता चित्राच्या आत जाऊन उभा राहिला.

या हेडसेटची एक तक्रार मात्र अद्याप पुरती मिटलेली नाही. काही वेळाने डोळे शिणतात, डोके दुखते. कारण भिंगांमुळे पडद्याची प्रतिमा एका ठरावीक अंतरावर, साधारणपणे एक ते दोन मीटरवर, भासते. आभासी फुलपाखरू नाकाशी आले, की डोळे आत वळतात. नेत्रभिंगाला मात्र त्याच जुन्या अंतरावर रोखून राहावे लागते. जन्मभर जोडीने चाललेल्या दोन क्रियांची ही ताटातूट मेंदूला खटकते. व्हीटस्टन यांनी १८५२ साली सरकत्या आरशांनी केलेली फारकत ती हीच. त्यांनी ती मुद्दाम केली होती. आजचे अभियंते ती मिटवण्यासाठी झटत आहेत.

व्हीटस्टन यांच्या वाट्याला आयुष्यात उपेक्षाच आली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ३० जानेवारी १८६८ रोजी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे सर्वोच्च कॉप्ली पदकही. त्यांचे जुने प्रतिस्पर्धी ब्रूस्टर त्याच फेब्रुवारीत निवर्तले. श्रेयाचा घोळ मात्र त्यांच्या नावामागे कायम लागलेला राहिला. १८५४ साली त्यांनी रचलेली सांकेतिक लिपी तिचा पुरस्कार करणाऱ्या मित्राच्या, लियॉन प्लेफेअर यांच्या नावाने ओळखली जाते. समुद्राखालून जाणाऱ्या तारांच्या संदेशवहनावर काम करीत असताना १९ ऑक्टोबर १८७५ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत ते विसावले. आपली उपकरणे त्यांनी किंग्ज कॉलेजला दिली होती.

बाजाराने पेटी स्वीकारली आणि आरसे बाजूला टाकले, हे खरे. पण विज्ञानाने आरसे टाकले नाहीत. दृष्टीवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांत आजही व्हीटस्टन यांच्याच धर्तीची आरशांची रचना वापरतात, कारण डोळ्यांचे वळणे आणि चित्राचे अंतर तिच्यात स्वतंत्रपणे ठरवता येते. आपल्या विद्यापीठांत भूगोल आणि भूशास्त्र शिकणारे विद्यार्थी हवाई छायाचित्रांच्या जोड्या आरशांच्या स्टिरिओस्कोपखाली ठेवतात, तेव्हा सपाट कागदावरून डोंगर वर येतात आणि नद्यांची खोरी खाली जातात. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील त्यांचे सोबती ख्रिस्टी यांचा सेतू व्हीटस्टन यांच्या नावाने जोडत असतात. व्हीटस्टन यांचा खरा शोध मात्र शेजारच्या इमारतीत, टेबलावरच्या त्या आरशांत असतो.